एकडाव ससा म्हणा

सुमीची माय, मी 'ससा' म्हटलं. चार बायांसमोर म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. तू तेव्हा आतल्या खोलीत पाटावर होती, बाया तुले आंघोळ घालून राहिल्या होत्या, अन् मी दाराबाहेर भिंतीले टेकून उभा होतो. पंधरा वर्षं तू ह्या एका शब्दासाठी माझ्या मागं लागली होती. मी तो दिला नाही. दिला तेव्हा तुले ऐकू येणं बंद झालं होतं.

आज अकरावा दिवस. परवा विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. चार जण बोलले. एकानं तुले त्यागमूर्ती म्हटलं, दुसऱ्यानं सोशिक म्हटलं. मी पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत होतो अन् मनात म्हटलं, हे कोणत्या बाईबद्दल बोलून राहिले? जिनं मले चाळीस वर्षांत भाजीत मीठ कमी आहे एवढं म्हणायची हिंमत होऊ दिली नाही, ती सोशिक? मग मले बोलाले उठवलं. हात जोडले अन् बसलो. घरी आल्यावर सुमी म्हणाली, "बाबा, तोंडानं नाही होत तर लिहा." तिनं पोरीची अर्धी भरलेली वही दिली. मी तिसरी पास माणूस. लाकडावर पेन्सिलीनं खुणा केल्या तेवढंच माझं लिहिणं. तरी लिहितो, कारण जे सांगायचं आहे ते विहारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

मी तुझी चोरी केली होती, भागरथा. तुझा ससा हरवला नव्हता. मी घेतला होता.

आता सुरुवातीपासून सांगतो. तुले सारं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तू कधी ऐकलं नाही, कारण मी कधी सांगितलं नाही.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात नवी मशीन बसत होती. ती बसवाले जपानचा एक साहेब आला होता. राहायचा इथं नागपुरात, भाड्याच्या बंगल्यात. सकाळी जीप न्यायची, दुपार कलली की आणून सोडायची. त्याले स्वैपाकाले बाई पाहिजे होती. आपल्या भिंतीले भिंत लागून राहणाऱ्या सुगंधाबाईनं तुझं नाव सांगितलं. पहिल्याच दिवशी तू त्याले आपल्यासारखा लाल रस्सा वाढला अन् तो माणूस नळाखाली डोकं घालून बसला. तू घरी येऊन सांगत होती अन् पोट धरून हसत होती. "मले वाटलं गेली नोकरी. तर त्यानं डोकं पुसलं, पुन्हा ताटावर बसला अन् म्हणे, भात और. नुसता कोरा भात मांगे जी!"

तू कुहीकडची, धानाच्या गावची. भातात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याले तांदूळ मऊ, बोटाले चिकटेल असा लागायचा. आपण अशा भाताले बिघडलेला भात म्हणतो. तू त्याले रोज मन लावून बिघडवून देत होती.

मे महिन्यात त्याले लू लागली. पाच दिवस तू त्याले कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाले कांदा चोळला. बस्तीतल्या बाया म्हणाल्या, "काय वं, परक्या माणसाचे पाय चोळते?" तू म्हटलं, "मेला असता तर त्याची माय कोणाले विचाराले आली असती?" पण ते पाय माझ्या डोक्यात राहिले. हे आज पहिल्यांदा लिहितो.

अन् तुझा तो बटवा. पान, सुपारी, चुना, तंबाखू, सारा संसार त्यात. कमरेले खोचायची अन् वाकली की पडायचा. चुलीपुढं पडायचा, नळावर पडायचा. एकदा विहारात वंदना चालू असताना पडला अन् सुपारी गडगडत थेट भन्तेंच्या पायाशी गेली. भन्तेंनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचे ओठ हलले ते काही वंदनेसाठी नव्हते.

तसाच तो साहेबाच्या स्वैपाकघरात पडला. साहेब नुकताच उठून बसाले लागला होता. त्यानं पाहिलं, हसला, आत गेला अन् पेटीतून कपड्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. त्याच्या आज्याची. मोठ्या सुपारीएवढी, लाकडात कोरलेली. तळहातावर ठेवून त्यानं तुले दाखवली अन् तो काही सांगायच्या आत तू बोलली, "ससा!"

पुढचं तू मले इतक्या वेळा सांगितलं की आता मीच तिथं होतो असं वाटते. तुले विहारात ऐकलेली गोष्ट आठवली. दारात भुकेला पाहुणा आला, सशाजवळ द्याले काही नव्हतं, तर त्यानं स्वतःच आगीत उडी मारली, अन् ती आग थंड झाली, अन् सशाचं चित्र चंद्रावर काढलं गेलं. तुले हिंदी अर्धी, त्याले पाव. मग तू तो ससा उचलला अन् चुलीपुढं उडी मारून दाखवली. साहेबानं दोन्ही हात जोडले. त्याले ती गोष्ट माहीत होती! त्यानं तुले अंगणात नेलं. उन्हातच पूर्वेकडं फिक्का चंद्र निघाला होता. त्यानं बोट दाखवलं अन् मग मुसळानं कांडायचा हातवारा केला. त्याच्या मुलखात म्हणे चंद्रावरचा ससा उखळात तांदूळ कांडते.

मग त्यानं तुझ्या बटव्याची दोरी घेतली, सशाच्या पोटाखालच्या दोन भोकांतून ओवली, गाठ आतमध्ये लपवली अन् कमरेत कसं सरकवायचं ते आपल्या पट्ट्यावर करून दाखवलं. ससा वर, बटवा खाली. वाका, उठा, काही पडत नाही. त्याच्या आज्याच्या काळात अंगरख्याले खिसे नव्हते. माणसं तंबाखूची पिशवी अशीच कमरेले अडकवत.

तू तडक माझ्या कारखान्यात आली. मी सक्करदऱ्याच्या एका फर्निचरवाल्याकडं सुतारकाम करत होतो, अन् उन्हाळ्यापासूनच तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, तेच ते चाकावरचे, जे लहान पोरं सजवून दोरीनं ओढत नेतात. त्या दिवशी माझ्या हातात बैलाचं शिंग होतं. तू माझा हात धरून मले रस्त्यावर ओढलं, आधी वर बोट दाखवलं, "पाहा चंद्र," मग कमरेकडं, "अन् पाहा हे. काय आहे सांगा."

मी म्हटलं, "उंदीर."

"डोळे फुटले का जी? ससा आहे."

"सशाचे कान उभे असते."

"पळता ससा पाह्यला का कधी? कान पाठीले चिकटवून घेते तो!"

मागं सारे कारागीर हसत होते. आपल्या भांडणाची ती सुरुवात होती. ते भांडण संपलं नाही. तू मधेच उठून गेली.

खरं सांगतो, मी पाहताक्षणी ओळखलं होतं. उंदीर नाही, ससा नाही, मी कारागीर ओळखला. लाकूड पिवळसर, शिंगावानी गच्च, आपल्याकडं न सापडणारं. डोळे म्हणजे काळ्या शिंगाचे दोन ठिपके, वेगळे बसवलेले, अन् नखानं चाचपलं तरी सांधा लागत नव्हता. अंगावर एक गोष्ट अशी नव्हती जी बाहेर निघते अन् कशात अटकते. कान पाठीत, पाय पोटात, शेपूट जिथल्या तिथं. माझ्या बैलांची शिंगं दरवर्षी मोडायची. लोक बदलून न्याले यायचे. मी म्हणायचो, पोरं नीट धरत नाहीत. तो ससा पाहिला अन् कळलं, चूक पोरांची नव्हती.

पुढचे पंधरा दिवस तू रोज संध्याकाळी एक नवं जनावर घरी आणायची. साहेब कागदावर काढून दाखवायचा, तू मले चुलीपुढं राखेत काढून दाखवायची. त्यांच्याकडं वर्षाले जनावराचं नाव असते म्हणे. बारा वर्षं, बारा जनावरं, मग पुन्हा पहिल्यापासून. साहेबाचं वर्ष सशाचं. कासव म्हणजे लांब आयुष्य. वाघ हजार कोस जाते अन् हजार कोस परत येते, म्हणून लढाईवर जाणाऱ्याच्या कमरेले वाघ. उंदीर तांदळाच्या पोत्यावर बसलेला, म्हणजे घरात धान्याची बरकत.

"म्हणजे उंदीर चांगला!" मी म्हटलं.

"उंदीर चांगला. पण हा ससा आहे."

बेंडूक प्रवाशासाठी, म्हणजे माणूस सुखरूप घरी परत येते. त्यावर तू काय म्हटलं ते सुगंधाबाई अजून सांगते. "तुमच्या कमरेले बेंडूकच बांधा लागते. कारखान्यातून निघाल्यावर चौकात चार तास न बसता मंग तरी घरी येसान."

साहेबाचं काम झालं, तो गेला. जाताना ससा परत घ्याले तयार नव्हता. तू कपड्यात गुंडाळून द्याले गेली, तर त्यानं तुझी मूठ बंद केली. हेही तूच सांगितलं. लपवायचं असतं तर सांगितलं नसतं, एवढी अक्कल मले तेव्हा असती तर.

पण बस्तीत ससा फिरला. नळावर बाया पाहाले यायच्या. कारखान्यात एक जण म्हणाला, "काय मिस्त्री, जपानचा दागिना वहिनीच्या कमरेले, अन् तुमच्या कमरेले काय?" सारे हसले. मीही हसलो. अन् घरी तू दारात बसून त्या सशाच्या पाठीवरून अंगठा फिरवून राहिली होती. हळूहळू, डोळे मिटून. भागरथा, मी वीस वर्षं बैल कोरले. तू एकाही बैलाच्या पाठीवरून असा अंगठा फिरवला नव्हता.

हे मले बोलता आलं असतं. "माझं काम तुले आवडत नाही का वं?" एवढंच विचारायचं होतं. ते नाही विचारलं. मी धर्म पुढं केला.

मी म्हटलं, "दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव तळ्यात टाकले. अन् आता तू देवाचं वाहन आणून कमरेले बांधलं? उंदीर कोणाचा असते माहीत नाही का तुले? लोक काय म्हणतील?"

तू उठून उभी राहिली. "देव तळ्यात कोणं टाकले? म्या टाकले. तुम्ही काठावर उभे होते, बापाच्या हातचा लाकडी देव छातीशी धरून. तुमच्या हातून म्या हिसकला, तेव्हा बुडला तो. मले प्रतिज्ञा शिकवता?"

खरं होतं. म्हणून आणखी झोंबलं.

"हा देव नाही जी," तू मग जरा नरम होऊन म्हटलं. "गुंडी आहे. पिशवी अटकवाची गुंडी. गुंडीले कोणी हात जोडते का?"

"जनावराची मूर्ती आहे ती."

"अन् तुमचे बैल काय भाजीचे आहे? तुमचा बैल चालते, माझा ससा चालत नाही?"

दोन दिवसांनी तू आंघोळीले गेली, बटवा कोनाड्यात होता. मी दोरी सोडली अन् ससा घेतला.

आधी सक्करदऱ्याच्या तळ्यावर गेलो. दोनदा गेलो. हात वर गेला, पण मूठ उघडली नाही. कोण्या सुतारानं दिवस न् दिवस त्या पाठीवर घालवले असतील, अन् मी सुतार, तो पाण्यात फेकू? मग घरी आलो. तू घरी नव्हती. दाराच्या चौकटीत, वरच्या लाकडाले, आतल्या बाजूनं गिरमिटानं भोक पाडलं, पटाशीनं मोठं केलं, ससा आत ठेवला अन् त्याच सागवानाची गुल्ली करून ठोकून बसवली. लाकडाच्या रेषेले रेष जुळवली. वरून तेल चोळलं. माझ्या साऱ्या जन्मात एवढं साफ काम मी केलं नाही. चोरीचं होतं म्हणून असेल.

तू तीन दिवस शोधलं. तांदूळ चाळला, राख चाळली, मोरीत हात घातला. आदल्या दिवशी माहेरी जाऊन आली होती, तर पुन्हा कुहीच्या मोटरस्टँडवर जाऊन आली, कंडक्टरले विचारलं. मले विचारलं, "तुम्ही पाह्यला का जी?"

"मी काहून पाहू तुझा उंदीर?"

तू माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मले परवापर्यंत लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी तू हात धुतले अन् म्हणाली, "जाऊ द्या. माझा नव्हताच तो. पाहुणा होता." अन् भाकर थापाले बसली. मी त्या चौकटीखालून आत आलो, तेव्हापासून वर पाहिलं नाही. पंधरा वर्षं रोज दहा वेळा त्या दारातून गेलो अन् मान खाली घालूनच गेलो. लोक म्हणाले मिस्त्री म्हातारा झाला, वाकला.

आठ दिवसांनी तू म्हटलं, "मंग तुम्हीच एक करून द्या."

"काय करून देऊ?"

"ससा."

मी बसलो. सागाचा तुकडा घेतला. पहिल्याचे कान उडाले. दुसऱ्याचं नाक उडालं. तिसरा झाला पुरा, पण नाक लांब, पाठ वाकडी, शेपूट मी विसरूनच गेलो होतो ती मागून खिळा ठोकून लावली. तू तो हातात घेतला, पालथा केला, उलथा केला अन् अशी हसली की तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुगंधाबाई धावत आली. तू तिले म्हटलं, "पाह्य वं, ह्याले म्हणते उंदीर!"

पण तो तू कमरेले लावला. बटव्यावर, बाहेर, साऱ्यांना दिसेल असा. मेलेल्या उंदरासारखा लोंबत होता. कोणी हसलं की तू म्हणायची, "आमच्या घरच्या माणसाच्या हातचा आहे." अन् तुझा बटवा त्यानंतर कधी पडला नाही. मले वाटलं, चला, आपलं काम टिकलं. मनातल्या मनात मी त्या जपानी सुताराच्या बरोबरीले जाऊन बसलो होतो. मूर्ख माणूस मी.

वाद मात्र चालूच राहिला. ताट वाढायच्या आधी तू पळी वर धरायची. "एकडाव ससा म्हणा, मंग वाढते."

"उंदीर होता."

"ससा होता जी. म्हणा एकडाव."

"हरवलेल्या वस्तूचं काय नाव घ्यायचं? वाढ."

तू वाढायची. हसायचीही. तुले वाटलं असेल बुढा हट्टी आहे. हट्ट नव्हता. तो शब्द म्हणजे माझ्या तोंडातली गुल्ली होती. ती निघाली असती तर मागून सारं बाहेर पडलं असतं. गेल्या हिवाळ्यात तुले दम लागाले लागला, खाटेवरून उठणं बंद झालं, तेव्हाही एकदा तू म्हटलं होतं. वाढायची ताकद नव्हती, म्हणून नुसतं "एकडाव" एवढंच म्हटलं. मी तुझी उशी सरकवली अन् म्हटलं, "औषध घे आधी."

अन् मग तो दिवस. बाया तुले आंघोळ घालत होत्या. सुगंधाबाईचा आवाज आला, "सुमीचे बाबा, कमरेचा बटवा सोडला. तुमचा तो वाकडा उंदीर निघाला." मी म्हटलं, ठेवा बाजूले. थोडा वेळ झाला. मग ती पुन्हा बोलली, आवाज वेगळा होता. "अहो, ह्याच दोरीले आतमधून आणखी एक आहे जी. कासोट्याच्या आत खोचलेला. उंदरावानीच आहे, इतल्लासा."

तिनं दाराच्या फटीतून हात बाहेर काढला. ओल्या तळहातावर तो होता.

मी लपवला तेव्हा पिवळसर होता. आता चिंचोक्यासारखा झाला होता, गडद, चमकणारा. पाठीवरची कोरलेली केसं झिजून गेली होती. लाकूड अंधारात राहून असं होत नाही. अंगाच्या घामानं, बोटाच्या तेलानं, वर्षानुवर्षं रोज हात फिरला तर होते. मी दोरी पाहिली. माझा उंदीर नुसता शोभेले होता. त्याचं भोक मी मोठं पाडलं होतं, त्यातून दोरी सरकत होती, तो काहीच धरत नव्हता. बटव्याचा सारा भार आतून ससा धरून होता. माझा मान बाहेर लोंबत होता.

सुगंधाबाई म्हणाली, "हा कोणता उंदीर जी?"

मी ओरडलो, "डोळे फुटले का वं तुझे? ससा आहे तो! ससा!"

आत पाणी पडल्याचा आवाज आला. तेव्हा मले कळलं मी काय बोललो अन् कोणासाठी बोललो.

बाया म्हणाल्या, जीवाभावाची वस्तू आहे, तिच्यासंगं जाऊ द्या. मी नाही म्हटलं. तुझ्याच गोष्टीत त्यानं एकदा आगीत उडी मारलेली आहे, पुन्हा काहून? त्याच्याऐवजी माझा उंदीर तुझ्या मुठीत दिला. सागवान आहे, चांगलं जळलं असेल. वाटेत कोणी विचारलं तर सांग, घरच्या माणसाच्या हातचा आहे.

परवा पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. मी स्टूल घेतलं अन् दाराच्या चौकटीकडं पंधरा वर्षांत पहिल्यांदा वर पाहिलं. माझीच गुल्ली होती. पण आडवी बसवलेली. चौकटीची रेष इकडून तिकडं जाते अन् गुल्लीची रेष खालून वर. सुतार असं कधी करणार नाही. हे स्वैपाक करणाऱ्या हाताचं काम आहे, बरणीले बूच लावल्यासारखं. एवढं उघड होतं, भागरथा! मी एकदा मान वर केली असती तर दिसलं असतं. तुले ते माहीत होतं का? की हा मान वर करणार नाही?

गुल्ली काढली. आत बोट घातलं. एक सुपारी होती. अख्खी, वाळून खडखडीत झालेली. कधी मी चौकट ठोकून पाहिली तर आत काहीतरी वाजावं म्हणून ठेवली का? की नुसती मजा केली? मी स्टुलावर उभ्या उभ्या हसलो. सुमी धावत आली, तिले वाटलं बाबा पडले. मग हसणं थांबलं अन् दुसरं सुरू झालं, तेही तिनं पाहिलं.

आता मी विचार करून राहिलो आहे की तुले कळलं कधी. मी भोक पाडलं त्या दिवशी लाकडाचा भुसा खाली पडला असेल. मी झाडला असेल, पण मी झाडलेलं घर तू पुन्हा झाडायचीच. म्हणजे पहिल्याच दिवशी? मग ती राख चाळणं, कुहीले जाणं, कंडक्टरले विचारणं, हे सारं मले दाखवाले होतं? तुम्ही पाह्यला का जी, असं विचारून माझ्या डोळ्यांत पाहत होती, ते मी खोटं कसं बोलतो हे पाहाले? की पुढं कधी दिवाळीच्या चुन्याले चढली तेव्हा सापडला? अन् ससा करून द्या म्हटलं, तेव्हा ससा तुझ्या कमरेले होता की चौकटीत? हे सारं तू विचारू दिलं नाही. उत्तर घेऊन गेली. ठीक आहे. मीही लपवलं, तूही लपवलं. फरक एवढाच, मी लपवलं रागानं, अन् तू लपवलं ते मले चोर म्हणावं लागू नये म्हणून. तू चार माणसांत माझ्या वाकड्या उंदराचा मान राखत राहिली अन् मी त्याले कारागिरी समजत राहिलो.

लहानपणी मी गावच्या पाटलाच्या घरची पूजा पाहिली होती, दुरून. पाटलीणबाई गेली होती, तर पाटलानं कमरेले सुपारी खोचली होती. बापानं सांगितलं, बायको नसली की सुपारी म्हणजे बायको, असा त्यांचा रिवाज. आपला तो रिवाज नाही, अन् मी काही पूजेले बसलो नाही. तुझ्या प्रतिज्ञा मोडल्या असं म्हणू नको. सुपारी तुझी, तूच ठेवलेली, माझ्यासाठी ठेवलेली. मले दात नाहीत, फोडून खाऊ शकत नाही. मग काय करू? तुझ्या बटव्यात घातली. बटव्याची दोरी सशाच्या पोटातून ओवली अन् ससा माझ्या करदोड्यात सरकवला, साहेबानं तुले दाखवलं तसा. ससा वर, बटवा खाली. दिवसभर वाकतो, उठतो. पडत नाही.

चौकटीची गुल्ली मी पुन्हा बसवली. आडवीच बसवली.

जेवाले बसलो की सुमी भाताची पळी हातात घेते. मी आधी म्हणतो, "ससा." मान वर करून दाराच्या चौकटीकडं पाहतो. मग म्हणतो, "वाढ."